मत्तयाची पाच वचनं

ताईंनी नाताळच्या नाटिकेची संहिता सरांकडे दिली होती ती शुद्धलेखन तपासून घ्यायला. सरांनी ऱ्हस्व-दीर्घ नीट केले आणि त्याखेरीज पाच ठिकाणी समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्हं काढली. पुढचा सगळा वाद त्या पाच जागांचा.

ताई मूळच्या नगर जिल्ह्यातल्या, मराठी प्रोटेस्टंट. मुंबईतली त्यांची रुळांलगतची वस्ती उठली तेव्हा पुनर्वसनात त्यांना मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये खोली मिळाली. तिथल्या मुलांचं संडे स्कूल त्या घेतात. सर महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, बौद्ध, मानखुर्दचे जुने रहिवासी. दोघांची नावं इथे देत नाही. त्यांचा वाद मात्र द्यावासा वाटतो. येशूजन्माच्या गोष्टीतल्या भविष्यवाण्यांबद्दल आपल्याकडे दोनच तऱ्हांनी बोललं जातं. एक तर ‘शेकडो वर्षं आधी सांगून ठेवलं होतं, बघा’, नाहीतर ‘सगळं मागाहून जुळवलेलं’. या दोघांनीही सुरुवात तिथूनच केली, पण ते तिथे थांबले नाहीत.

सर : ताई, सूत्रधाराच्या तोंडी तुम्ही पाच वेळा एकच गोष्ट घातली आहे. अमुक संदेष्ट्याने सांगितलं होतं, ते पूर्ण झालं. मुलं हे पाठ करणार. मला विचारायचंय, ही पाच वचनं मूळ जागी जाऊन वाचली तर ती येशूबद्दल आहेत असं दिसतं का?

ताई : पाच मी घातलेली नाहीत, मत्तयाच्या पहिल्या दोन अध्यायांत तेवढीच आहेत. बाळ होईल आणि त्याचं नाव इम्मानुएल, हे यशयाचं. बेथलेहेमचं मीखाचं. मिसरातून मुलाला बोलावल्याचं होशेयाचं. राहेलच्या रडण्याचं यिर्मयाचं. आणि त्याला नासोरी म्हणतील, हे पाचवं.

सर : पाचवं जुन्या करारात कुठेच नाही.

ताई : नाही. मत्तयही तिथे एकाचं नाव घेत नाही, ‘संदेष्टे’ असं मोघम म्हणतो. पंडितांचे त्यावर पुष्कळ तर्क आहेत. ते मी मुलांवर लादणार नाही. ते वाक्य खोडा.

सर : मग पहिलं घ्या. यशयाचा सातवा अध्याय मी नीट वाचला. आहाज हा यहूदाचा राजा. साल इ.स.पू. ७३५च्या आसपासचं. दमास्कसचा राजा आणि उत्तरेकडच्या इस्राएलचा राजा, दोघं मिळून यरुशलेमवर चालून आलेत आणि आहाज घाबरून अश्शूरची मदत मागायच्या विचारात आहे. यशया त्याला सांगतो, घाबरू नकोस, एक बाळ जन्माला येईल, आणि त्याला बरंवाईट कळायला लागायच्या आत या दोन राजांचे देश ओस पडतील. हे आहाजला दिलेलं चिन्ह आहे. दमास्कस इ.स.पू. ७३२मध्ये पडलंच. सातशे वर्षांनी जन्मणारं बाळ आहाजच्या काय कामाचं? तिथल्या ‘कुमारी’ या शब्दावरचा वाद मी काढतच नाही. शब्द बाजूला ठेवला तरी प्रसंग जुळत नाही.

ताई : प्रसंग आहाजचाच आहे. मी ते नाकारत नाही.

सर : होशेय तर भविष्य सांगतच नाही. इस्राएल लहान असताना देवाने त्याला मिसरातून बोलावलं, ही मागे घडून गेलेली गोष्ट तो आठवतोय. घडून गेलेल्या गोष्टीचं भाकीत कसं होईल?

ताई : तुम्ही भाकीत म्हणता तिथेच आपली फारकत होते, सर. संदेष्टा म्हणजे पंचांग सांगणारा नव्हे. आमच्या नगरकडे ख्रिस्ती कीर्तनाची चाल आहे, एकोणिसाव्या शतकापासूनची. माझ्या लहानपणी नाताळात रात्रभर कीर्तन चालायचं. बुवा पूर्वरंगात एक वचन घ्यायचे, जुन्या करारातलं. त्याचं निरूपण करायचे. मग उत्तररंगात आख्यान लावायचे आणि आख्यान रंगात आलं की मधेच ते वचन पुन्हा उचलायचे. तेव्हा अंगावर काटा यायचा. वचन तेच, पण आता ते वेगळंच ऐकू यायचं. मत्तय तेच करतो. त्याने आख्यान आधी लावलं आणि मग वचन उचललं. होशेयात ते गुलामगिरीतून सुटलेल्या अख्ख्या लोकांबद्दल आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं का? तो यहुदीच होता, लहानपणापासून ते ऐकत आला होता. त्याला म्हणायचंय, या एका पोरात त्या अख्ख्या लोकांची वाट पुन्हा चालली गेली. तोच मिसर, तोच लेकरं मारणारा राजा, तोच परतीचा रस्ता.

सर : कीर्तनकार अभंग घेतो तेव्हा तो असं म्हणत नाही की तुकोबांनी हा अभंग आजच्या आख्यानासाठीच लिहिला होता.

ऐकत बसलेल्या मला इथे राहवलं नाही. मत्तय एकटा नव्हता, हे सांगायला हवं होतं. १९४७ पासून मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहांतून ज्या ग्रंथांच्या गुंडाळ्या निघाल्या, त्यांत हबक्कूक संदेष्ट्यावरचं एक भाष्य आहे. ते लिहिणाऱ्या यहुदी पंथाने हबक्कूकाची ओळ न् ओळ स्वतःच्या काळाला लावली आहे: हा दुष्ट म्हणजे आमच्या वेळचा याजक, ही सेना म्हणजे आत्ताचे शत्रू. येशूच्या आधीच्या-नंतरच्या त्या शंभर-दोनशे वर्षांत जुना ग्रंथ असा वाचणं ही विद्वानांची नेहमीची रीत होती. गणनाच्या पुस्तकात बलाम नावाचा परका द्रष्टा याकोबातून तारा उगवेल असं म्हणतो. मत्तयाच्या पूर्वेकडच्या ताऱ्यामागे तीच आठवण असावी. पुढे इ.स. १३२मध्ये रोमविरुद्ध उठाव झाला तेव्हा त्याच्या पुढाऱ्यालाही लोकांनी ‘ताऱ्याचा पुत्र’, बार कोखबा, म्हटलं. एकच वचन अनेकांच्या गळ्यात घालून पाहिलं जात होतं. म्हणून मत्तयाने फसवणूक केली असं मला वाटत नाही. त्याच्या वाचकांना ही रीत कळत होती.

सरांनी ते ऐकून घेतलं आणि वाद अशा जागी नेला जिथे मी तो न्यायचा विचारही केला नसता.

सर : त्याच्या वाचकांना कळत होती, ठीक. पण त्याच ग्रंथाचे दुसरे वाचक आपल्याच कोकणात आहेत. बेने इस्राएल यहुदी. अलिबागजवळ नौगावला गलबत फुटून आलेल्यांचे आम्ही वंशज, असं ते सांगतात. तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून शनिवार तेली. बोलतात मराठी. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनऱ्यांना हे लोक सापडले तेव्हा त्यांना काय आनंद झाला असेल! त्या मिशनऱ्यांतल्या जॉन विल्सनने त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं, १८३२ साली. शाळा काढल्या. जुना करार मराठीत हातात दिला. हिशेब साधा होता, हे स्वतः यशया वाचतील आणि येशूपर्यंत पोचतील. त्यांनी यशया वाचला. मुलांना शिकवलं. हिब्रू पक्कं केलं. आणि बाप्तिस्मा घेणारे किती निघाले? मोजके. त्याच शाळांत शिकून ते अधिक चांगले यहुदी झाले. १८७९मध्ये ठाण्याला सिनेगॉग उभं राहिलं. तेच वचन, तीच मराठी, आणि त्यांना त्यात बेथलेहेमचं बाळ दिसलं नाही. वचनातच ते बाळ असतं तर त्यांना का नाही दिसलं?

ताई : (थोडा वेळ गप्प राहून) वचनात नसेल. वाचणाऱ्यात असेल.

सर : म्हणजे तुम्ही माझंच म्हणणं मांडताय.

ताई : अर्धं. बेने इस्राएल मलिदा करतात ना, एलियाहू हन्नाबीच्या नावाने? पोहे, खोबरं, साखर, फळं ताटात मांडून? अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्याच्या रथाची खूण आहे, तिथे नवसाला जातात. त्या एलीयाबद्दल मलाखीच्या अगदी शेवटी लिहिलंय की तो पुन्हा येईल. आमचा जुना करार तिथेच संपतो. आणि लूक येशूजन्माची गोष्ट सांगायला बसतो तेव्हा पहिल्याच अध्यायात गब्रीएल दूत जखऱ्याला सांगतो की तुझा मुलगा एलीयाच्या सामर्थ्याने पुढे चालेल. तो मुलगा म्हणजे बाप्तिस्मा करणारा योहान. म्हणजे ते म्हणतात, एलीया यायचाय. आम्ही म्हणतो, येऊन गेला. मलाखीचं पान दोघांचंही एकच. त्यांचा मलिदा खोटा आहे असं मी कधी म्हणणार नाही. वाट पाहणं हे पहिल्यांदा त्यांचं होतं, आम्ही ते त्यांच्याकडून घेतलं.

सर : तुम्ही म्हणणार नाही. पण चर्चने म्हटलं. तुमच्या नाटकातल्या गोठ्यात बैल आणि गाढव आहे. मत्तयात आहे? लूकमध्ये आहे?

ताई : नाही. लूकमध्ये नुसती गव्हाण आहे.

सर : ते यशयाच्या पहिल्या अध्यायातून आलंय. बैल धनी ओळखतो, गाढव आपली गव्हाण ओळखतं, माझे लोक मात्र मला ओळखत नाहीत. चौथ्या शतकातल्या शवपेट्यांवर पाहा, बाळाशेजारी बैल-गाढव कोरलेले आहेत, काही ठिकाणी मरिया-योसेफही नाहीत तिथे हे दोघे आहेत. आणि या गोजिरवाण्या चित्राचा अर्थ काय लावला गेला? जनावरांना कळलं, यहुद्यांना कळलं नाही. त्याचा शेवट युरोपात कुठे झाला ते तुम्हाला सांगायला नको.

ताई : नको. ते खरं आहे. बैल-गाढव मात्र राहू द्या सर, मुलांना ती कामं सर्वांत जास्त आवडतात. यशया आपल्याच माणसांना रागावत होता, घरातल्या म्हाताऱ्याने रागवावं तसा. तो राग उचलून दुसऱ्याच्या अंगावर फेकला गेला, हे पाप फेकणाऱ्यांचं. १२२३मध्ये असिसीच्या फ्रान्सिसने ग्रेचो गावात खरी गव्हाण मांडून खरा बैल, खरं गाढव आणलं, ते गरिबांना येशूचं दारिद्र्य डोळ्यांनी दिसावं म्हणून. तो अर्थ मला पुरतो.

मग थोडा वेळ त्यांचं बोलणं तारखांवर गेलं. हेरोद राजा इ.स.पू. ४मध्ये मेला. लूक ज्या शिरगणतीचा उल्लेख करतो ती रोमन सुभेदार कुरेनियाची शिरगणती इ.स. ६मधली. दोन्ही एकाच बाळाच्या जन्माच्या वेळी असू शकत नाहीत, जवळपास दहा वर्षांची फट पडते. शिवाय रोमन नोंदणीसाठी कोणी पूर्वजांच्या गावी जावं अशी पद्धत नव्हती. ताईंनी हे सगळं मान्य केलं, ते जुळवायची खटपट केली नाही.

ताई : तारीख मला बुजवता येणार नाही. पण लूकने नोंदणी का घातली ते मला मानखुर्दात राहून कळलं. आपल्याकडे झोपड्यांसाठी पहिल्यांदा १ जानेवारी १९९५ची कट-ऑफ, मग १ जानेवारी २०००ची. त्या तारखेआधीचा पुरावा असेल तर माणूस, नसेल तर अतिक्रमण. दिवस भरलेली बाई शंभराहून जास्त किलोमीटर जाते, का, तर लांबच्या राजाला डोकी मोजायचीत. आणि पोचल्यावर उतरायला जागा नाही. लूक सांगतो की ज्याला तुम्ही तारणारा म्हणता तो सरकारी कागदाच्या कामात, वाटेत जन्मला. हे कुठल्याही संदेष्ट्याचं वचन नाही, तरी मला ते वचनाइतकंच वाटतं.

सर : हे मला पटतं. तुम्ही ते गोष्ट म्हणून सांगता तेव्हा मला काही अडत नाही. ‘आधीच ठरलं होतं’ म्हणता तिथे अडतं. आमच्याकडेही हे आहे, लपवत नाही. महामायेचं स्वप्न, त्याचा अर्थ लावणारे आठ ब्राह्मण, आणि असित ऋषी.

ताई : तेच विचारणार होते. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये असिताला ठेवलंय ना?

सर : ठेवलंय. असित बाळाला पाहतो, हा घरात राहिला तर चक्रवर्ती, घर सोडलं तर बुद्ध, असं सांगतो आणि रडतो. राजा घाबरतो, बाळाला काही धोका आहे का? असित म्हणतो, बाळासाठी रडत नाही, मी म्हातारा झालो, याचं बोलणं ऐकायला मी नसेन, म्हणून रडतो.

ताई : आमच्याकडे शिमोन. तोही म्हातारा, मंदिरात तो बाळाला हातात घेतो. पण तो रडत नाही. आता मला जाऊ दे म्हणतो, डोळ्यांनी पाहिलं, पुरे झालं. आणि मग मरियेकडे वळून सांगतो, तुझ्या जिवातून तलवार जाईल.

सर : सुंदर आहे. पण बाबासाहेबांनी काय केलं ते पाहा. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थ घराबाहेर पडला, ही पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली गोष्ट त्यांनी सोडली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिला नव्हता, हे बुद्धीला पटत नाही म्हणून. त्या जागी रोहिणी नदीच्या पाण्यावरचा शाक्य-कोलियांचा तंटा आणला. असित राहिला, पण धम्म असितावर उभा नाही. उद्या असित काढला तरी काही ढासळत नाही. मत्तयाची पाच वचनं काढली तर?

ताई : तरीही येशूचं डोंगरावरचं प्रवचन राहील, क्रूस राहील. मार्काने जन्माची गोष्ट लिहिलीच नाही, आणि मार्क चौघांत जुना. पौल तर ‘स्त्रीपासून जन्मला’ एवढंच येशूबद्दल म्हणून पुढे जातो. म्हणजे पहिल्या ख्रिस्ती लोकांचा विश्वास या पाच वचनांवर उभा नव्हता. आधी त्यांना येशू भेटला, मग ते मागे वळून ग्रंथ वाचायला लागले आणि त्यांना पानापानावर तो दिसायला लागला. बेने इस्राएलांना आधी येशू भेटला नाही, भेटले ते मिशनरी. मग त्यांना वचनात तो कसा दिसेल?

ताईंच्या या उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. भविष्यवाणी पुरावा म्हणून मांडली की ती लंगडी पडते, बेने इस्राएलांनी ते दाखवून दिलं. ज्याने ती आठवण म्हणून वाचली त्याला ती पुरते.

मराठीत हा मागे वळून वाचण्याचा सर्वांत मोठा प्रयोग फादर थॉमस स्टीफन्सचा. १५७९मध्ये गोव्यात आलेला हा इंग्रज जेझुइट. १६१६मध्ये राशोल येथे छापलेलं त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ जवळपास अकरा हजार ओव्यांचं आहे आणि त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात जुना करार, दुसऱ्यात येशूचं चरित्र. पोर्तुगीज शीर्षकात त्याने ग्रंथाला ख्रिस्ताच्या जगात येण्याविषयीचं प्रवचन म्हटलं आहे. म्हणजे सृष्टीच्या उत्पत्तीपासूनचं सगळं पहिलं पुराण हे एका येण्याची वाट आहे. मधूनमधून श्रोत्यांतला ब्राह्मण शंका विचारतो आणि पाद्री उत्तर देतो. मी हे सांगितल्यावर सरांनी लगेच गोव्यातल्या साष्टीची आठवण करून दिली.

सर : ज्या साष्टीत हे पुराण वाचलं गेलं तिथली देवळं १५६७मध्ये पाडली होती. जुनी पुराणं हातातून काढून घेतलेल्या माणसाला तुम्ही नवं पुराण देता आणि सांगता, याचं भाकीत आधीच झालं होतं. तो ब्राह्मण शंका विचारतो खरा, पण त्याला ‘मला पटलं नाही’ असं म्हणून उठून जाता येत होतं का?

ताई : नसेल येत. पण पंडिता रमाबाईंना येत होतं. त्या तर मिशनऱ्यांशीही भांडल्या. दुसऱ्याच्या भाषांतरावर विसंबायचं नाही म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अख्खं बायबल मराठीत आणलं. त्या १९२२मध्ये गेल्या, बायबल १९२४मध्ये पूर्ण छापून निघालं. छापण्याचं काम मुक्तीतल्या बायका-मुलींनी केलं. त्या कोण होत्या? १८९६-९७च्या आणि १९००च्या दुष्काळांत रमाबाईंनी मध्य प्रांतातून, गुजरातेतून आणलेल्या पोरी त्यांत होत्या. आईबाप मेलेल्या, टाकलेल्या. अशा पोरींच्या घरात बसून एक बाई यिर्मयाचा एकतिसावा अध्याय मराठीत लिहिते. राहेल आपल्या लेकरांसाठी रडते आहे आणि कोणी समजूत घातली तरी ऐकत नाही.

सर : तिथे मी दोन प्रश्नचिन्हं केली आहेत.

ताई : पाहिली.

सर : बाकीची चार वचनं जुळोत न जुळोत, कोणाचं काही बिघडत नाही. इथे बेथलेहेमची दोन वर्षांखालची पोरं कापली जातात आणि सूत्रधार म्हणतो, संदेष्ट्याचं वचन पूर्ण झालं! म्हणजे एक ओळ खरी करायला देवाने ही पोरं जाऊ दिली? आणि अजून एक सांगतो. हेरोदाला पत्ता कोणी दिला? मीखाच्या वचनानेच. पूर्वेकडचे ज्ञानी लोक यरुशलेमला येऊन विचारतात, हेरोद मुख्य याजकांना बोलावतो, आणि ते पटकन सांगतात, मीखाने लिहिलंय, बेथलेहेम. त्यांना ग्रंथ पाठ. बेथलेहेम आठ-नऊ किलोमीटरवर, पण त्यांच्यापैकी एक जण तिथवर चालत जात नाही. वचनाचा उपयोग झाला तो सैनिक कुठे पाठवायचे ते कळायला. भविष्यवाणी राजवाड्यात पोचली की तिचं हे होतं.

ताई : हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. तुम्ही म्हणता ते मत्तयानेच लिहून ठेवलंय, नाही का? त्याला ते लपवता आलं असतं.

सर : यहुदी इतिहासकार जोसेफस हेरोदाचे सगळे गुन्हे लिहितो, स्वतःच्या तीन मुलांना त्याने मारलं तेही लिहितो. हे हत्याकांड त्याच्याकडे नाही. फारोची गोष्ट, आपल्याकडे कंसाची गोष्ट, त्याच साच्यातली ही वाटते.

ताई : घडलं की नाही याची खात्री मी देऊ शकत नाही. लहानसं गाव, थोडी पोरं. नोंद झाली नसेलही. पण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मत्तयात आहे. कुमारीचं वचन, मिसराचं वचन, नासोरीचं वचन, या तिन्ही ठिकाणी तो लिहितो की वचन पूर्ण व्हावं म्हणून हे झालं. राहेलपाशी तो तसं लिहीत नाही. तिथे एवढंच, की तेव्हा ते पूर्ण झालं. हेतू काढून टाकलाय. पुढे शिष्य यहूदाने तीस नाण्यांना येशूला विकलं त्या जागी पुन्हा असंच लिहिलंय. ज्या जागी माणसाचा दुष्टपणा आहे तिथे तो ‘देवाला हे हवं होतं’ असं म्हणायला तयार नाही. मी संहितेत पाचही वाक्यं एकसारखी लिहिली, ते मत्तयाचं नाही.

सर : हे मला माहीत नव्हतं.

ताई : आणि राहेल कुठे रडते ते पाहा. रामा. यरुशलेमच्या उत्तरेला. बाबेलच्या सैन्याने शहर पाडल्यावर कैद्यांना बेड्या घालून तिथे गोळा केलं होतं, खुद्द यिर्मयाही त्यांत होता. तिथून पुढे देशोधडी. राहेल तर तेव्हा मरून हजारेक वर्षं झाली असतील, तिची कबर बेथलेहेमच्या वाटेवर. यिर्मयाला वाटलं, आपली पोरं बेड्यांतून जाताना पाहून ती कबरीतून रडत असेल. मत्तयाला वाटलं, तिचं रडणं अजून थांबलेलं नाही.

सर : २००४-०५च्या हिवाळ्यात मुंबईभर हजारो झोपड्या पाडल्या. मानखुर्दच्या मंडाळ्यातही. सुरुवात डिसेंबरातच झाली होती. शाळा चालू होती आणि वर्गात पोरं नव्हती. काही नंतर आली, काही कुठे गेली ते कधी कळलंच नाही. २००९च्या मुंबई मानव विकास अहवालात चोवीस वॉर्डांमध्ये आपला एम-पूर्व वॉर्ड सर्वांत खाली होता. आपल्याकडची लेकरं तलवारीने मरत नाहीत. खोकल्याने, हगवणीने, कचऱ्याच्या धुराने मरतात.

ताई : म्हणूनच मी दर वर्षी हेरोदाचा प्रवेश गाळते. आईबाप म्हणतात, नाताळ आहे, आनंदाचं दाखवा. तीन ज्ञानी लोक सोनं, ऊद, गंधरस ठेवतात, गाणं होतं, पडदा पडतो.

सर : तीन हा आकडाही मत्तयात नाही.

ताई : नाही. भेटी तीन म्हणून माणसं तीन झाली. आणि स्तोत्रात, यशयात राजे नजराणे घेऊन येतात असं आहे म्हणून ते राजे झाले. पण गंधरस यशयाच्या यादीत नाही. तो पुढे येशूला पुरताना लागतो. पाळण्यातच कफनाची तयारी आहे, आणि मी त्यावर गाणं म्हणवून घेते.

सर : ताई, मी नास्तिक माणूस, मी तुम्हाला सांगतो, हेरोदाचा प्रवेश ठेवा. तारा ठेवणार असाल तर आयाही ठेवा. सूत्रधाराचं वाक्य बदला. ‘म्हणून’ काढा. रडणाऱ्या बाया मंचावर येऊ द्या, आणि त्यांना कोणी समजवायला जाऊ नका.

ताई : यिर्मयाच्या त्याच अध्यायात पुढे देव राहेलला म्हणतो, रडं आवर, तुझी लेकरं आपल्या सीमेत परत येतील. मत्तय तेवढं देत नाही. त्याच्या वाचकांना ते पाठ असणार. एक ओळ काढली की पुढची आपोआप आठवायची. मला ते मंचावर म्हणवून घ्यावंसं वाटतं.

सर : बाबेलला गेलेल्यांची मुलं-नातवंडं परत आली, कोरेश राजाने इ.स.पू. ५३८मध्ये सोडलं तेव्हा. इतिहासात ते खरं आहे. बेथलेहेमची पोरं परत आली नाहीत. मत्तय रडण्यापाशी थांबला, त्याला कारण असेल. त्याने थांबवलं ते तुम्ही पुढे नेऊ नका.

ताई : वाचकाला पुढचं माहीत आहे म्हणून तो थांबला. माझ्या पोरांना पुढचं माहीत नाही. त्यांनी नुसतं रडणं पाठ केलं तर ते त्यांना घरीही ऐकू येतंच.

सर : मग मंचावर नको, वर्गात शिकवा. अख्खा एकतिसावा अध्याय. आणि नाटकात रडण्यापाशी थांबा. ज्यांनी अध्याय वाचलाय त्यांना पुढचं आठवेल, बाकीच्यांनी विचारावं.

ताई : आहाजही शिकवावा लागेल मग. आणि होशेय. आणि तो मलिदा. सर, नाताळच्या आधी जेवढे रविवार उरलेत ते यालाच जातील, गाण्याची तालीम कधी घेऊ?

सर : गाणं एक कमी करा.